बांधलेले छप्पर, रचलेले छप्पर

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीतल्या केळशी-आंजर्ल्यापर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या. कितीतरी घरांची गत एकच: जांभ्याच्या भिंती जागच्या जागी, छप्पर मात्र नाही.

कोकणातले घर पावसाच्या धाकाने घडले आहे. उंच जोते, उतरती पाखी, भिंतीपासून पागोळ्या लांब टाकणारी वळचण, पुढेमागे पडवी. पण पाऊस छपरावर वरून पडतो, वादळी वारा पडवीत घुसून ते खालून उचलतो.

गवत, पेंढा आणि माडाच्या झापांची छपरे सुंभाने आवळून बांधत. ती दरवर्षी शाकारावी लागत, त्यामुळे सुटलेली गाठ पावसाळ्याआधी हाताखालून जाई. पुढे ऐपतीप्रमाणे नळीची कौले आली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात जेप्पूला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली खाचेत खाच बसणारी चपटी कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. गळती कमी झाली, शाकारणीचा व्याप घटला. मात्र कौल रिपेवर नुसते टेकलेले असते, त्याला जागेवर धरते ते त्याचे स्वतःचे वजन. बांधणी गेली आणि रचणी आली, ती अशी.

‘निसर्ग’नंतर अनेकांनी पत्रा घातला, काहींनी स्लॅब टाकला. पत्रा झटपट होतो, पण उन्हात तापतो, पावसात बोलू देत नाही आणि हुक ढिले पडले की वाऱ्यावर पात्यासारखा सुटतो. स्लॅब उडत नाही, पण खाऱ्या हवेत आतल्या सळया गंजतात आणि काही वर्षांत पोपडे पडू लागतात.

कौलारू रूप राखून घर सावरायचे, तर पुन्हा गाठीकडेच यावे लागते. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा ओततात, त्यात आधीच रोवलेल्या बोल्टांना तुळई आवळतात आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी तुळईला जखडतात. कडेच्या आणि आढ्याजवळच्या कौलांना तांब्याची किंवा न गंजणारी तार लावतात, कारण वारा पहिला हात तिथेच घालतो. पाखी चारही बाजूंना उतरती ठेवली, तर वाऱ्यासमोर त्रिकोणी भिंत उभी राहत नाही. चौपाखी घर दिसतेही देखणे. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवतात, म्हणजे एक गेले तरी दुसरे वाचते. चिऱ्याची भिंत गिलावा न करता नुसत्या दर्जा भरून ठेवली, की तिचा तांबूस रंग कौलांशी जुळतो.

अडचण कौलांचीच आहे. मंगळुरी कौलांचे कित्येक कारखाने बंद पडले आणि एका साच्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणून स्लॅब टाकणाऱ्या शेजाऱ्याकडची उतरवलेली जुनी कौले मागून आणायची, मागचा छाप बघून वेगळी लावायची आणि एका पाख्यावर एकाच छापाची चढवायची, असा उद्योग करावा लागतो.