ट्रंक कॉल, खरखर आणि बंगलोर १९८४

एसटीडी यायच्या आधीची गोष्ट. कोल्हापुरातून पुण्याला ट्रंक कॉल लावला की आजी आधीच बजावायची, "घरातलं काही बोलू नकोस, मधली बाई ऐकत असते." लाइनवर खरखर एवढी, की मध्ये खरंच कोणी आहे की नुसती लाइन खराब आहे, हे कळायला मार्गच नसायचा.

गंमत म्हणजे नेमक्या याच दुखण्यावरचा इलाज डिसेंबर १९८४ मध्ये आपल्या शेजारी, बंगलोरच्या एका परिषदेत मांडला गेला. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा जेमतेम पाच पानांचा निबंध. आज त्याला बीबी८४ म्हणतात.

युक्ती अशी: गुप्त किल्लीचा एकेक बिट एकेका फोटॉनवर, दोन पद्धतींपैकी कुठल्या तरी एका पद्धतीने चढवायचा. चोराला पद्धत माहीत नाही, आणि फोटॉनची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही (हे १९८२ मध्ये सिद्ध झालं). त्याने प्रत्येक फोटॉन वाचून पुढे ढकलला, तर पद्धत जुळलेल्या बिटांपैकी सुमारे २५ टक्के चुकतात. थोडे बिट फोनवर ताडून पाहिले की चोरी उघड.

पण फायबर कुठे इतकं गुणी? तापमान बदललं, वरून ट्रक गेला, की फोटॉनचं ध्रुवीकरण फिरतं. डिटेक्टर फोटॉन नसतानाही वाजतो. मग चूक चोराची की फायबरची? मला सगळ्यात आवडलेला भाग इथे आहे. ओळखायचा प्रयत्नच करायचा नाही! सगळी खरखर चोराच्या नावावर लिहायची, त्याला जास्तीत जास्त किती कळलं असेल याचा हिशोब करायचा आणि किल्ली त्या मानाने आटवायची, बासुंदीसारखी. चुका ११ टक्क्यांच्या वर गेल्या तर किल्लीच फेकून द्यायची. आजीचंच धोरण की हे!

आता कोल्हापूर-पुणे धरा २३० किलोमीटर. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरला ०.२ डेसिबल घट, म्हणजे ४० हजार फोटॉन सोडले तर पुण्याला पोचणार एक. मध्ये ॲम्प्लिफायर लावावा, तर नक्कल करता येत नाही. चोराला आडवा आलेला नियम आपल्यालाही आडवा. २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज-विंध्याचल हे शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर नेहमीच्या फायबरवर जमवलं. चीनने २०१७ मध्ये बीजिंग-शांघाय २००० किलोमीटर जोडलं खरं, पण ३२ ठाणी करून. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बंद होते.

म्हणजे उद्या आपण कराडला एक ठाणं टाकलं, तर तिथल्या मधल्या बाईवर भरवसा ठेवावाच लागणार.