बीडचं सीताफळ: प्रवासात फळ घेताना आणि रबडी मागवताना काय पाहावं?

दसऱ्याच्या सुमारास सोलापूर-धुळे महामार्गाने बीड जिल्ह्यातून जाताना, किंवा परळी-अंबाजोगाईला देवदर्शनासाठी निघाल्यावर, रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. फळाचा हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढाच असतो. 'सीताफळ रबडी'चे बोर्ड मात्र हॉटेलांवर वर्षभर दिसतात. मग एप्रिलमध्ये त्या रबडीत काय असतं? आणि हंगामात गेलं, तर चांगलं फळ कसं ओळखायचं?

बीडचं सीताफळ प्रसिद्ध का?

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. मुरमाड जमीन, कमी पाऊस आणि कडक ऊन सीताफळाला मानवतं. धारूर, अंबाजोगाई भागातल्या डोंगरउतारांवर ही झाडं कुणी न लावता, पाणी न देता वाढलेली आहेत. पानांच्या उग्र वासामुळे शेळ्याही त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. २०१६ मध्ये 'बीड सीताफळा'ला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईत सीताफळाचं संशोधन केंद्र असून, तिथे निवडलेलं 'धारूर-६' हे वाण धारूरच्याच नावाने ओळखलं जातं.

नावात सीता असली तरी हे फळ मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं मानलं जातं. पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आलं, असं बहुतेक अभ्यासक सांगतात.

रबडीत गर शेवटी का घालतात?

सीताफळाचा गर जास्त तापवला की कडवट होतो. त्यामुळे आंब्यासारखा तो आटवून ठेवता येत नाही. रबडीसाठी आधी दूध आटवतात, साखर घालून ते पूर्ण थंड करतात आणि मग बिया काढलेला गर मिसळतात. गर हवेत उघडा राहिला तर काळपटही पडतो. म्हणून ताजी रबडी थंड ठेवून त्याच दिवशी खाणं चांगलं.

हंगामाबाहेर मिळणाऱ्या रबडीत आणि आइस्क्रीममध्ये सहसा गोठवलेला गर असतो. हंगामात गर काढून तो शीतगृहात ठेवला जातो. यात फसवणूक नाही, योग्य तापमानात ठेवलेला गर चांगला लागतो. काही ठिकाणी मात्र गराऐवजी नुसता इसेन्स वापरला जातो. खरा गर पांढरट आणि रवाळ असतो, जिभेला बारीक कण लागतात. रबडी हिरवी दिसत असेल, तर तो रंग वरून घातलेला आहे. मागवण्याआधी 'गर ताजा की गोठवलेला?' एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

फळ कसं निवडावं?

• डोळ्यांमधल्या भेगा रुंद होऊन पांढरट-पिवळसर दिसत असतील, तर फळ तयार आहे. डोळे घट्ट मिटलेलं फळ कोवळं असतं. ते पिकण्याऐवजी सुकतं.
• लगेच खायचं असेल तर बोटाने हलकं दबणारं घ्यावं. घरी न्यायचं असेल तर डोळे उघडलेलं पण कडक फळ घ्यावं. ते दोन-चार दिवसांत पिकतं.
• कडक फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकल्यावर एखादा दिवस ठेवायला हरकत नाही.
• फार मोठं, कमी बियांचं फळ दिसलं तर ते बार्शी भागातून पसरलेलं 'एनएमके-१ गोल्डन' असू शकतं. तेही गोडच असतं, पण डोंगरातलं गावरान सीताफळ वेगळं. ते आकाराने लहान आणि जास्त बियांचं असतं.

खाताना काय सांभाळावं?

बी चावू नये. अख्खी बी चुकून गिळली गेली तर ती सहसा तशीच बाहेर पडते, पण फुटलेल्या बीमध्ये विषारी घटक असतात. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावण्याचा जुना उपाय टाळावा. ती पूड डोळ्यात गेल्याने बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. १०० ग्रॅम गरात सुमारे ९४ कॅलरी आणि २३-२४ ग्रॅम कर्बोदकं असतात. रबडीत साखर आणखी वाढते. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण सांभाळावं.

पाटीमागचा हिशेब

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं साखर कारखान्यांकडे निघतात. त्याआधीच्या काही आठवड्यांत सीताफळ येतं आणि डोंगरातून फळं तोडून आणणाऱ्यांच्या हातात रोख पैसा पडतो. पण तोडलेलं फळ दोन-चार दिवसांत पिकतं आणि मऊ झाल्यावर लांब नेता येत नाही. भाव पडला तरी माल राखून ठेवता येत नाही. संध्याकाळी पाटी स्वस्तात जाते ती यामुळेच. मानांकनाने नाव राखलं जातं, पण फळ टिकत नाही. त्यासाठी जवळपास गर काढण्याची आणि गोठवण्याची सोय लागते. तोपर्यंत प्रवाशाने थेट पाटीवरून, फार घासाघीस न करता घेतलेली दोन किलो फळंही तोडणाऱ्याच्या कामी येतात.

हंगाम हुकला तर?

डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळतो. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजून, हातावर चोळून गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीसोबत खातात. आणि कोणत्याही महिन्यात गेलं तरी 'सुशीला' विचारावी. हे नाव ऐकून बाहेरचे लोक गोंधळतात, पण मराठवाड्यात हा रोजचा नाश्ता आहे. भिजवून पिळलेले चुरमुरे कांदा, मिरची आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत परततात. दिसायला पोह्यांसारखी, पण तोंडात त्याहून हलकी. गरमच खावी, गार झाली की चिवट होते.