न कापणाऱ्या कात्रीची कुळकथा

संगणकाआधी ऑफसेट छपाईसाठी फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून सुटा करायचा तर लाल फिल्म लागायची. रुबिलिथ हे तिचं बाजारातलं नाव. पारदर्शक पॉलिस्टर आणि त्यावर लाल रंगाचा पातळ थर. ती फोटोवर ठेवायची, माणसाच्या कडेकडेने कटर फिरवून फक्त वरचा थर कापायचा आणि नको तेवढा सोलून काढायचा. हात जरा जड पडला की खालचं पॉलिस्टरही चिरायचं. लालच रंग का, तर पुढे ज्या लिथो फिल्मवर हे उतरवून घ्यायचं तिला लाल उजेड दिसत नाही, तिच्या लेखी लाल म्हणजे काळाच. कापणाऱ्याला मात्र त्यातून खालचा फोटो स्पष्ट दिसतो. इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ चिपचे आराखडेसुद्धा याच फिल्मवर कापले होते.

संगणकावर हे काम आलं आणि कापणंच संपलं. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्स सोडून १९८२च्या डिसेंबरात अडोबी काढली. १९८४ला त्यांची पोस्टस्क्रिप्ट आली. पानावर काय कुठे उमटवायचं हे प्रिंटरला सांगणारी भाषा. तिच्यात ‘क्लिप’ नावाची आज्ञा आहे. आधी एक आकृती आखायची, मग क्लिप म्हणायचं. त्यानंतर जे काही रंगवाल ते त्या आकृतीच्या आतच उमटतं. फोटो प्रिंटरकडे अख्खाच जातो, बाहेरच्या भागाला शाई मिळत नाही इतकंच. यात एक मेख आहे. क्लिपचं क्षेत्र आक्रसतं, वाढत नाही. दुसरी आकृती दिलीत तर दोन्हींचा सामाईक भाग उरतो. म्हणून आधीची स्थिती जपून ठेवायची आणि काम झालं की ती परत आणायची, तशी सोय भाषेतच आहे.

बाहेरचं लपवलं, पण मधोमध भोक हवं असेल तर? त्याचा एक नियम फार सुरेख आहे. कुठल्याही बिंदूपासून बाहेरच्या दिशेला सरळ रेघ सोडा आणि ती कड किती वेळा ओलांडते ते मोजा. विषम आलं तर बिंदू आत, सम आलं तर बाहेर. ‘व’च्या पोटातल्या पोकळीतून निघालेली रेघ आधी आतली कड ओलांडते, मग बाहेरची. दोन झाल्या, म्हणजे पोकळी ‘बाहेर’. कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मोठ्या चौकोनावर गोल ठेवून ‘कंबाइन’ केलं की भोक पडतं, ते याच हिशेबाने. त्या आकारात मग फोटो बसवायचा, म्हणजे ‘पॉवरक्लिप’ करायचा. आपल्याकडचा फ्लेक्सवाला दिवसभर हेच करत असतो.

अडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ला आलं आणि ही आकृती माउसने काढता येऊ लागली. तिचे बाक मात्र मोटारींच्या पत्र्यावरून आलेले: रेनो कंपनीतल्या पियेर बेझिये यांच्या नावाचे. पण रेघ कितीही गुळगुळीत असली तरी तिला दोनच उत्तरं येतात, दिसेल किंवा दिसणार नाही. धूर, काच, भुरभुरणारी बट तिच्या आवाक्याबाहेरची.

धुराची सोय ॲनिमेशनवाल्यांनी आधीच करून ठेवली होती. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७७च्या सुमारास एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक ठिपक्याच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांना चौथा जोडला: हा ठिपका किती झाकतो. तोच अल्फा. लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्याचं गणित मांडलं तेही १९८४लाच. एका चित्रावर दुसरं चढवायच्या बारा रीती त्यात आहेत. ‘आउट’ नावाच्या रीतीत दुसऱ्याच्या आकाराएवढं भोक पहिल्यात पडतं, आणि कडा मऊ असल्या तर भोकही मऊ पडतं. ऑस्करवाल्या अकादमीने १९९६ साली चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला. मला विचाराल तर क्लिप आणि अल्फा या दोन्हींत अल्फाचीच कल्पना जास्त धाडसी. संगणकाची मेमरी सोन्याच्या भावाने मिळायची त्या काळात, डोळ्यांना दिसतही नाही अशा आकड्यासाठी त्यांनी ती खर्ची घातली.

रेखाचित्रांच्या फाइलींसाठीच्या २००१च्या एसव्हीजी मानकात दोन्ही घराणी एकत्र नांदू लागली: रेघेची क्लिप आणि छटेचा मास्क. इंकस्केप या प्रोग्रॅममध्ये फोटोवर पांढरा चौकोन ठेवा, त्यावर काळी चांदणी, मग दोन्हींचा गट करा आणि फोटोसह निवडून मास्क लावा. पांढऱ्याखालचा फोटो दिसतो, काळ्याखालचा लपतो, चांदणीतून मागचं पान दिसतं. चांदणी करडी केलीत तर फोटो तिथे अर्धवट दिसतो.

लाल फिल्मचा सोललेला तुकडा कचऱ्यात जायचा. पॉवरक्लिपमधला कुठेच जात नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी ग्रुप फोटोतून साहेबांना एकटं काढलं, पुढच्या वर्षी तीच फाइल दुसऱ्या डिझायनरने उघडून पॉवरक्लिप सोडवली, की गेल्या वर्षी पक्षातून गेलेले भाऊ, दादा, अण्णा खांद्यावर हात टाकून पुन्हा हजर.