पुण्यातील प्लेग (१८९७) : शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि सरकारी व्यवस्था

पुण्यातील प्लेगचा इतिहास सामान्यतः रँड, चापेकर बंधू आणि टिळक यांच्याभोवती लिहिला जातो. आजाऱ्यांच्या शुश्रूषेचा भार ज्यांनी वाहिला त्या स्त्रिया या इतिहासात येतात त्या बहुधा विटंबनेच्या प्रसंगापुरत्याच.

साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती आरंभिली. शिपाई थेट माजघरात व देवघरात शिरत. संशयित रोग्यास इस्पितळात आणि घरातील इतरांस विलगीकरण छावणीत नेले जाई. शासनाच्या लेखी हे साह्यच होते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या स्त्रीला मात्र ते आपल्या हातून रोगी हिरावून नेणे वाटत होते. रोगी लपविण्याच्या प्रवृत्तीचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे म्हणूनच अपुरे ठरते.

झडती सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसर परिसरातील दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले होते. या सेवेमागे सरकारी आदेश नव्हता.

सरकारी इस्पितळाविषयी जाहीरपणे लिहिण्याचे धैर्य पंडिता रमाबाईंनी दाखविले. आपल्या संस्थेतील मुलीच्या संदर्भात त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मधून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील व्यवस्थेवर टीका केली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप केला. परंतु परतल्यावर तो सिद्ध करता न आल्याने त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. यावरून आरोप निराधार होता असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नावानिशी साक्ष देणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, अशीच त्या काळची समजूत होती.

हाच कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून करोनासाठी लागू करण्यात आला. या वेळी दारोदार गेल्या त्या प्रामुख्याने आशा स्वयंसेविका. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सर्वेक्षणाचा मोठा भार त्यांच्यावरच होता. शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नव्हेत, मानधनावरील स्वयंसेविका. जून २०२१ मध्ये राज्यभरातील आशा वाढीव मोबदल्यासाठी संपावर गेल्या.