घरपट्टीची दाद

सरकारने बसविलेल्या कराविरुद्ध न्यायासनापुढे उभे राहून दाद मागता येणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु जुन्या मुंबई इलाख्याच्या राज्यकारभाराकडे पाहिले असता, एकाच सरकारच्या अमलाखाली शहरातील घरमालकाला जो हक्क कायद्याने दिला, तोच खेड्यातील रयतेला कायद्यानेच नाकारला, असा विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो.

मुलकी कारभार न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याकडे कंपनी सरकारचा कल प्रथमपासूनच होता. मुंबईच्या कलेक्टराने बाकीच्या वसुलीसाठी केलेल्या जप्तीवरून तेथील सुप्रीम कोर्टात फिर्याद झाली, तेव्हा 1850 साली प्रिव्ही कौन्सिलने असा निवाडा दिला की, अधिकाऱ्याने प्रामाणिक समजुतीने मुलकी काम म्हणून केलेल्या कृत्यात त्या कोर्टाला हात घालता येणार नाही. पुढे कंपनी गेली, हायकोर्ट आले, कानडा जिल्ह्यातील साऱ्याच्या आकारणीचा प्रसिद्ध खटला 1875 मध्ये त्या कोर्टापुढे चालला. आणि लगेच दुसऱ्या वर्षी, म्हणजे 1876 साली, जमिनीचा सारा किती असावा याविषयीचे दावे दिवाणी न्यायालयांनी ऐकू नयेत असा कायदाच झाला. जमाबंदीचा अंमलदार आकार ठरवी, आणि त्यावरची तक्रार ऐके तोही मुलकी खात्यातलाच वरिष्ठ अंमलदार.

शहरात मात्र वारे निराळे वाहत होते. 1865 च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपालिटीची सूत्रे आर्थर क्रॉफर्ड या कमिशनराच्या हाती आली. त्याने शहराचे रूप पालटले, पण पैसाही सढळ हाताने खर्च केला, आणि 1871 साली करदात्यांचा असंतोष उघडपणे उसळून आला. त्याचे फळ म्हणून 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचे कॉर्पोरेशन अस्तित्वात आले व त्यातील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले. नंतरचा 1888 चा कायदा घडत असताना फेरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही कायदे कौन्सिलात होते. घरपट्टीची आकारणी करणाऱ्या कमिशनराच्या निर्णयावर स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाकडे अपील करण्याची वाट या कायद्यात स्पष्टपणे आखून दिलेली आहे.

त्या आकारणीची रीत मोठी मनोरंजक होती. घर एका वर्षाच्या कराराने भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज करावयाचा, त्यातून दुरुस्ती वगैरे सर्व खर्चांबद्दल दहा टक्के वजा करावयाचे, आणि उरेल ते करयोग्य मूल्य. म्हणजे वार्षिक भाडे हजार रुपये धरले तर कर बसावयाचा तो नऊशेंवर. मालक स्वतःच आपल्या बंगल्यात राहत असेल तर तेथेही कायदा एक कल्पित भाडेकरू आणून बसवी. हा भाडेकरू इंग्लंडातल्या गरीबपट्टीच्या कायद्यातून, विशेषतः तेथील 1836 च्या आकारणी-कायद्यातून, आमच्याकडे आला. आणि पट्टीविरुद्ध मॅजिस्ट्रेटांच्या त्रैमासिक न्यायसभेपुढे अपील करण्याची सोय तर त्या देशात 1601 च्या कायद्यापासूनच होती. आकार वाढविला की मालकाला खास नोटीस जावी, त्याने लेखी तक्रार द्यावी, कचेरीत तिची सुनावणी व्हावी, आणि तेथे समाधान झाले नाही तर कोर्टाची पायरी चढावी, असा हा क्रम. मात्र कराच्या मागणीवर अपील करावयाचे तर मागितलेली रक्कम आधी भरावी लागे. त्यामुळे हा हक्क कागदावर सर्वांचा असला, तरी ज्याच्या गाठीला पैसा आणि पदरी वकील, त्यालाच तो विशेष फळे, हेही मान्य केले पाहिजे.

रयतेला ही वाट नव्हती म्हणून काय करावे लागले, याची साक्ष 1928 सालची बारडोली देते. सरकारने तेथील सारा 22 टक्क्यांनी वाढविला, तेव्हा वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी प्रथम मागितले ते एवढेच, की या वाढीची निःपक्षपाती चौकशी व्हावी. जप्त्या झाल्या, जमिनी खालसा झाल्या, आणि अखेर न्यायखात्यातील ब्रूमफील्ड व मुलकी खात्यातील मॅक्सवेल या दोघा अधिकाऱ्यांनी चौकशी करून वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली. जे शहरातील घरमालकाला एका अर्जाने मागता येत होते, त्यासाठी एका संपूर्ण तालुक्याला सत्याग्रह करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर या अपिलांना निराळाच रंग चढला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी बव्हंशी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठली. त्यापेक्षा अधिक भाडे घेणे हाच जर गुन्हा, तर त्यापेक्षा अधिक भाडे 'वाजवी' कसे, असा प्रश्न सहजच उभा राहिला. आणि कलकत्त्याच्या एका प्रकरणात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने करयोग्य मूल्य कायदेशीर प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही असा निर्णय दिला. तर्क अचूक होता; पण शहरे वाढत असताना त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य झरा त्यामुळे आटत गेला. अखेर मुंबईने 2010 पासून भाडे सोडून भांडवली मूल्याची कास धरली. तेव्हा जागेवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हेही मूल्यात धरणारे नियम केले गेले. ते हायकोर्टाने 2019 मध्ये रद्द केले, आणि जमिनीची आजची स्थितीच पाहिली पाहिजे असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल कायम केला.

कराचे ओझे कोणी किती वाहावे हे ठरविणे लोकप्रतिनिधींचे काम. न्यायाधीश पाहतो ते एवढेच, की अंदाज करणाराने कायद्याची मर्यादा ओलांडली की काय. पण जेथे आकारणी ही मुळातच एक अंदाज आहे, तेथे तो अंदाज त्रयस्थापुढे तपासून घेता येणे हेच करदात्याचे खरे संरक्षण होय. म्हणून घरपट्टीच्या वाढीची नोटीस हाती पडली की ती फडताळात टाकण्यापूर्वी तीवरचा आकडा आणि तक्रारीची तारीख दोन्ही वाचावीत. कारण मुदतीत हरकत घेतली नाही, तर आकारलेले मूल्य अंतिम ठरते.