काल आणि मात्रा : भोजनसंयमाचे दोन मार्ग

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाचा प्रारंभ होतो. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे येथील विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि अनेक उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करतात. अष्टशीलातील सहावे शील विकालभोजनापासून विरत राहण्याचे आहे. मध्यान्हानंतर आहार घ्यावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. या शीलाविषयी अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जातो. सायंकाळचे जेवण सोडल्याने वजन उतरते असे डॉक्टर सांगतात. मग त्यासाठी अष्टशील घ्यावे काय? दुसरा कोणी म्हणतो की वेळेला महत्त्व नाही, रोज पोटात किती उष्मांक गेले हे मोजावे. वेळ पाळावी की माप पाळावे, हा वाद आज घरोघरी आहे. तो नवा वाटला तरी बौद्ध वाङ्मयात या दोन्ही मार्गांचा इतिहास अडीच हजार वर्षांचा आहे. तो नीट पाहिल्यास प्रश्नाचे उत्तरही सापडते.

संघाचा मार्ग : काल

भिक्खूंच्या भोजनाची मर्यादा एकाएकी घातली गेली नाही. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात भदंत उदायी जुन्या दिवसांची आठवण सांगतात. आरंभी भिक्खू सकाळी, दिवसा व सायंकाळी असे तिन्ही वेळा भोजन करीत. तथागतांनी प्रथम दिवसाचे अवेळचे भोजन सोडावयास सांगितले आणि पुढे रात्रीचे. रात्री भिक्षेस निघालेले भिक्खू अंधारात गटारात पडत, काटेरी कुंपणात अडकत. एकदा विजेच्या लखलखाटात भिक्खूस पाहून भांडी घासणारी एक स्त्री भुताच्या भीतीने किंचाळली. नियमामागे असलेली ही व्यावहारिक कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. विनयपिटकात पाचित्तियातील ३७ वा नियम विकालभोजनाचा असून त्याची हकीकत राजगृहातील गिरग्गसमज्ज या उत्सवाशी निगडित आहे.

कीटागिरी सुत्तात तथागत स्वतःचा अनुभव सांगतात. रात्रीचे भोजन सोडल्याने आजार कमी होतात, शरीर हलके राहते, बळ टिकते आणि सुखाने राहता येते. म्हणजे आरोग्याचे कारण खुद्द तथागतांनीच दिले आहे. अरुणोदयापासून मध्यान्हापर्यंतचा काळ साधारण सहा तासांचा. उरलेले अठरा तास घन आहार नाही. आजचे आहारतज्ज्ञ ज्यास कालमर्यादित आहार म्हणतात, त्याचे हे स्पष्ट रूप होय. मात्र नियम करताना आजाऱ्यांचा विसर पडला नाही. तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच भेषज्ये रुग्णास विकाली घेण्याची मुभा दिली गेली.

राजाचा मार्ग : मात्रा

गृहस्थासाठी मात्र तथागतांनी वेगळा उपाय सांगितला. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात दोणपाक नावाचे छोटे सुत्त आहे. कोसलनरेश पसेनदी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा भरपेट जेवून धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी एक गाथा म्हटली. जो सावध राहून मिळालेल्या अन्नात मात्रा ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात, अन्न सावकाश पचते व आयुष्याचे रक्षण होते, असा तिचा आशय आहे. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्यास ती गाथा पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितली आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला. रूढ कोष्टकाप्रमाणे सोळा नाळींचा एक द्रोण होतो. पुढे सडपातळ झालेल्या आपल्या अंगावरून हात फिरवीत राजाने उद्गार काढले की, भगवंतांनी इहलोकीच्या व पारलौकिक अशा दोन्ही हितांसाठी माझ्यावर अनुकंपा केली.

अट्ठकथेत याची रीतही दिली आहे. गाथा जेवणाच्या प्रारंभी म्हणावयाची नाही, तर राजा शेवटच्या घासावर आला की म्हणावयाची. राजाने तो घास टाकून द्यावा. त्यातील शिते मोजावीत आणि पुढच्या वेळी तितके तांदूळ कमी शिजवावेत. मोजमाप, सातत्य, हळूहळू कपात आणि आठवण देणारा सोबती, असे चार घटक या पद्धतीत आहेत. उष्मांक मोजण्याच्या आधुनिक रीतीतही नेमके हेच घटक आढळतात. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस अन्नातील ऊर्जेचे पद्धतशीर मोजमाप केले. पिष्ट व प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्धाला ९ उष्मांक हा हिशोब तेव्हापासून रूढ झाला. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या पुस्तकाने तो सामान्य गृहिणींपर्यंत नेला. पसेनदीच्या स्वयंपाकघरात शिते मोजली जात. आता उष्मांक मोजले जातात, इतकाच फरक.

आधुनिक परीक्षा

महाराष्ट्रात कालाच्या मार्गाला मोठी प्रसिद्धी मिळाली ती डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानामुळे आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेमुळे. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज चालावे, हे तिचे सूत्र. यावर मतभेद झाले. दिवसभर थोडे थोडे खावे असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांनी तिला विरोध केला. असा वाद व्याख्यानांनी मिटत नाही. त्यास प्रयोग लागतो.

असे प्रयोग आता झाले आहेत. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. उष्मांक दोघांचेही कमी केले. एका गटाने शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळात खावयाचे होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलो, तर केवळ माप पाळणाऱ्यांचे ६.३ किलो घटले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक अर्थपूर्ण ठरला नाही. २०२३ मध्ये शिकागोतील ९० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने उष्मांक न मोजता फक्त वेळ पाळली आणि दुसऱ्याने रोज उष्मांक मोजून आहार पावपट कमी केला. वर्षाअखेर, काहीच न करणाऱ्या गटाच्या तुलनेत, पहिल्याचे वजन सुमारे ४.६ व दुसऱ्याचे सुमारे ५.४ किलो उतरले. येथेही दोहोंत खरा भेद ठरला नाही. विशेष हे की, दोन्ही गटांचा आहार रोज सुमारे चारशे उष्मांकांनी कमी झाला होता. वेळ पाळणाऱ्यांनी मोजले नाही, पण खाण्याचे तास आवळल्याने खाणे आपोआप घटले. वेळेत जादू नाही. ती मात्रेकडे जाणारी दुसरी वाट आहे.

तरीही सर्व प्रयोग एकाच दिशेने जात नाहीत. सॅन फ्रान्सिस्को येथे ११६ जणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात (२०२०) नुसते रोज सोळा तास न खाणारे आणि तीन वेळा जेवणारे यांच्या वजनघटीत विशेष अंतर पडले नाही. उलट कोलोरॅडो येथील १६५ जणांच्या अभ्यासात (२०२५) आठवड्यातून तीन दिवस अत्यल्प आहार घेणाऱ्यांचे वजन वर्षात ७.६ टक्के घटले, तर रोज मोजणाऱ्यांचे ५ टक्के. या साऱ्यांचा मेळ घातला तर इतकेच म्हणता येते : दोन्ही मार्गांनी वजन उतरते, उतरण माफक असते, आणि जो मार्ग माणूस वर्षभर पाळू शकतो तोच त्याचा खरा मार्ग.

खानदेशी ताट आणि खानदेशी दिवस

मार्ग पाळता येणे हे माणसाच्या दिनक्रमावर अवलंबून असते. आपल्याकडील ताट मोजणे सोपे नाही. कळण्याच्या भाकरीचे माप घेता येईल, केळ्याचेही येईल. पण पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत शेतात पंगतीला वाढले जाते, तेव्हा त्यात किती पळ्या तेल गेले हे कोण सांगणार? शेवभाजीच्या तर्रीचेही तेच. तेलाच्या दर ग्रॅममागे ९ उष्मांक धरले तर सारा हिशोब त्या पळीवर अडतो. येथे मोजणारा हरतो आणि घड्याळ पाळणारा निभावतो.

परंतु घड्याळही सर्वांच्या स्वाधीन नसते. भुसावळच्या रेल्वेत पाळीने काम करणारा कर्मचारी आज पहाटे, उद्या मध्यरात्री कामावर असतो. त्याचा ‘काल’ दर आठवड्यास बदलतो. कापूस वेचणीस जाणारी बाई भाकरीचे गाठोडे घेऊन पहाटे निघते, दिवसभर वाकून वेचते, आणि तिचे निवांत बसून होणारे जेवण रात्रीचेच असते. तिला मध्यान्हानंतर जेवू नको म्हणणे म्हणजे तिचे एकमेव ताट काढून घेणे होय. तथागतांनी भिक्खूंना काल सांगितला, कारण भिक्खूस चूल नव्हती व सायंकाळी नांगर धरावयाचा नव्हता. राजाला मात्रा सांगितली, कारण त्याच्यापाशी स्वयंपाकघर व मोजून देणारी माणसे होती. उपदेश माणूस पाहून केला गेला, हे या दोन प्रसंगांतून शिकावयाचे आहे.

ज्यांनी भूक निवडली नव्हती

आपल्या समाजाने या विषयाकडे पाहताना आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उपास हा शब्द आपल्या पूर्वजांसाठी व्रताचा नव्हता. शिळ्या तुकड्यांवर आणि मृत जनावरांच्या मांसावर जगणे ज्यांच्या वाट्यास आले, त्यांची भूक जातिव्यवस्थेने लादलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी उष्टे-शिळे व मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि वस्त्यांमधून लोकांनी ते मानले. हाती दुसरे अन्न असेलच अशी खात्री नसताना दिलेला तो नकार, हा आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा अन्नत्याग होय. त्याचे कारण स्वाभिमान हे होते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यातील उपोषणाचे दडपण आणून स्वतंत्र मतदारसंघांचा हक्क कसा सोडावयास लावला गेला, तेही आपण विसरलेलो नाही. म्हणून उपासाचे गुणगान ऐकताना आपण सावध असतो, आणि ते योग्यच आहे.

ही सावधता आजही आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एक कृश आहे आणि जवळपास तितक्याच, किंबहुना थोड्या अधिक, स्थूल आहेत. पाच वर्षांखालील मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुले खुजी आहेत. एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात, ही दोन्ही दुःखे नांदतात. नोकरीपेशातील कुटुंबांत मधुमेह वाढतो आहे आणि मजुराच्या घरी ताट अर्धे आहे. वजन उतरवण्याचा उपदेश पहिल्या घरासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. पहिल्या घरातही गर्भवती, स्तनदा माता, वाढीची मुले, आणि इन्सुलिन वा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण सोडू नये; साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. भेषज्यांची सवलत देणाऱ्या विनयाच्या भावनेशी हे सुसंगतच आहे.

धम्म आणि वैद्यक यांचे नाते या भूमीस परके नाही. चाळीसगावनजीकच्या डोंगरांतील पितळखोरे लेण्यांत स्तंभांवर राजवैद्य मगिल व त्याच्या कुटुंबीयांचे ब्राह्मी दानलेख आजही आहेत. विहाराला आधार देणाऱ्यांत वैद्य होता. विहारात बसणाऱ्याने वैद्याचे ऐकण्यात कमीपणा नाही.

गोपालकाचा उपोसथ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वजन उतरवण्यासाठी अष्टशील घ्यावे काय? अंगुत्तर निकायात तथागतांनी विशाखेस उपोसथाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिला गोपालकाचा. गुराखी संध्याकाळी विचार करतो की आज गाई कोठे चरल्या, उद्या कोठे चरतील. तसाच कोणी उपोसथाच्या दिवशी मनात घोळवतो की आज मी हे खाल्ले, उद्या ते खाईन. अशा उपोसथाचे फळ मोठे नसते, असे तथागत म्हणतात. घड्याळाकडे पाहत जेवणाची वाट पाहणारा आणि वहीत उष्मांक लिहीत उद्याचा हिशोब जुळवणारा, दोघांनीही हा दृष्टांत स्वतःस लावून पाहावा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही आपल्या भाषेतील म्हणही तेच सांगते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, हे ठाऊक झाल्यावर ती म्हण शास्त्रशुद्धही वाटू लागते.

अल्प आहार हीच थोरवी, असेही तथागतांनी मानले नाही. बोधिसत्त्व असताना मूठमूठ कडधान्याच्या पाण्यावर राहून त्यांनी शरीर झिजवले आणि अखेरीस तो मार्ग निष्फळ म्हणून सोडून अन्न घेतले. पुढे महासकुलुदायी सुत्तात ते स्पष्ट म्हणतात की, मी कमी खातो म्हणून शिष्य माझा आदर करीत असतील तर ते बरोबर नाही. मी कधी कधी पात्र काठोकाठ भरूनही जेवतो.

तेव्हा अष्टशील हे शील म्हणून घ्यावे आणि वजनाचा उपाय हा उपाय म्हणून करावा. महिन्यातून चार उपोसथ पाळल्याने वजनात फारसा फरक पडणार नाही. पण भुकेकडे शांतपणे पाहण्याची जी सवय त्या चार दिवसांत लागते, ती उरलेल्या दिवसांत उपयोगी पडते. ज्याचा दिवस नियमित आहे त्याने काल धरावा. ज्याच्या ताटाचे माप घेता येते त्याने मात्रा धरावी. आणि ज्याचे ताट मुळातच अपुरे आहे, त्याचे ताट भरणे हे आपणा सर्वांचे काम समजावे. पसेनदीस एक सुदस्सन लाभला होता. आपल्या घरात, आपल्या विहारात आपण एकमेकांचे सुदस्सन झालो, तर शंभर कार्षापणांची गरज पडणार नाही.