महिना चार रुपये

रायपूरला लागूनच असलेल्या आमच्या बीरगावात संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली की मोकळ्या जागेत मुले क्रिकेट मांडतात. चेंडू कोणी टाकावयाचा यावरून तेथे तंटा होत नाही. तंटा होतो तो बॅट कोणी धरावयाची यावरून. तो ऐकला की मला बाळू पालवणकरांची आठवण होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली, चर्मकार समाजात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत बेसबॉल या चेंडूफळीच्या खेळाचा नॅशनल लीग हा धंदेवाईक संघांचा मेळ स्थापन झाला. सरकारी नोकरीत निम्मे आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष प्रथम वेतनाच्या रकान्याकडे जाते. सिनसिनाटी शहराच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने १८६९ साली आपले सर्व खेळाडू उघडपणे पगारी नेमले. त्यांतील जॉर्ज राइट याला एका हंगामाचे १,४०० डॉलर मिळत, आणि त्या वर्षी तो संघ एकदाही हरला नाही. पुण्यात बाळूंना पारशांच्या एका क्लबात प्रथम महिना तीन रुपये मिळाले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते चार झाले. तेही खेळाबद्दल नव्हेत, तर रूळ फिरविणे, जाळी उभारणे, चुन्याच्या रेघा मारणे या कामांबद्दल!

क्लबातील साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवाच होता. बाळू डाव्या हाताने, संथ आणि फसवा चेंडू टाकू लागले. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्यांच्याकडून मुद्दाम सराव करून घेत. आपल्याला बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा, अशी ही वाटणी होती.

असा गोलंदाज शेजारी असता पुण्याच्या हिंदू क्लबाने काय करावे? वाद झाला, आणि अखेर त्यांना संघात घेतले. गोऱ्यांना हरवावयाचे तर हा हात हवा, हे गणित उघड होते. पण ते गणित मैदानाच्या रेषेपर्यंतच चाले. चेंडू सर्वांनी एकच हाताळावयाचा. चहाची वेळ झाली की बाळूंना मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताटही वेगळे. साताऱ्याच्या सामन्यात त्यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर दिवसचे दिवस रूळ फिरविला होता, तरी बाळूंनी सात गडी बाद केले. रूळ फिरविण्याचे मर्म त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार!

अमेरिकेत याच सुमारास नेमके उलट घडत होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा सुशिक्षित निग्रो खेळाडू १८८४ साली टोलीडोच्या संघातून वरच्या श्रेणीत खेळला. शिकागोच्या कॅप अ‍ॅन्सनने त्याच्याविरुद्ध उतरण्यास आदल्या वर्षीच कुरकुर केली होती. पुढे १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठराव केला की, यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करावयाचे नाहीत. म्हणजे पैसा भरपूर, करार पक्के, आणि त्या करारांनीच दार लावून घेतले. हाच अ‍ॅन्सन १८८९ च्या जानेवारीत जगाच्या सफरीवर कोलंबोपर्यंत आला आणि तेथे बेसबॉल खेळून इजिप्तकडे गेला. हिंदुस्थानात ही मंडळी उतरली नाहीत.

वॉकरला दार बंद झाले, बाळूंना ते किलकिले झाले. यात आपला समाज अधिक उदार होता, असे मला मुळीच वाटत नाही. अमेरिकेतील मालकांजवळ गोरे खेळाडू मुबलक होते. पुण्याच्या हिंदूंजवळ दुसरा बाळू नव्हता.

पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा बाळूंबरोबर धाकटे बंधू शिवरामही संघात होते. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. अमेरिकेत वरच्या श्रेणीचे दार पुन्हा उघडले ते १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनसाठी. त्या वेळी बाळू एकाहत्तर वर्षांचे होते.